पहिल्या बोलावण्याला नको

शाहूपुरी, कोल्हापूर
६ ऑक्टोबर २००२

प्रिय शिवलीला,

आशीर्वाद या पहिल्याच ओळीत घेऊन ठेव. पुढं सगळा राग आहे, आणि रागात तो द्यायचा राहून जाईल. उद्या घट बसायचे आहेत. देव्हाऱ्यातली भांडी घासून पालथी घातली आहेत, धान्य निवडायचं पडलंय, आणि मी सगळं सोडून तुला लिहायला बसले आहे. आप्पांच्या दुकानातल्या पाठकोऱ्या कागदांवर लिहिते आहे, तेव्हा मागच्या बाजूला सिमेंटचा भाव दिसला तर तो वाचत बसू नकोस. पुढची बाजू नीट वाच.

तुझी दोन पत्रं एकाच दिवशी आली. एक आप्पांच्या नावानं दुकानावर, एक माझ्या नावानं घरी. ती दोन्ही कधी शेजारी शेजारी ठेवली जातील, हे तुझ्या शिकलेल्या डोक्यात आलं नाही. आप्पांनी जेवता जेवता त्यांचं पत्र माझ्यापुढं टाकलं. त्यात तू लिहितेस की हवा मानवत नाही, कॉलेजातल्या पोरांना प्रयोग शिकवायचे आणि त्यांचे पेपर तपासायचे हे काम झेपत नाही, डिसेंबरात सत्र संपलं की डिग्री अर्धी टाकून परत येते. आणि पुढं लिहितेस की बरोबरीची माणसं तोंडदेखली आहेत, एकदा विचारतात आणि चालू लागतात. माझ्या पत्रात मात्र दर शुक्रवारी संध्याकाळी त्याच माणसांबरोबर तुझी पंगत बसते. तुझ्या शेजारच्या टेबलावर बसणारी, तुझ्यासारखीच शिकवायला मदत करणारी ती कॅरन सगळ्यांना ऑफिसातनंच आपल्या घरी नेते, तुझ्यासाठी बिनामांसाचं वेगळं करते, मी पाठवलेली शेंगदाण्याची चटणी तिला फार आवडली, आणि अव्वा, तू काळजी करू नको.

मग यातलं खरं कोणतं गं? आप्पांना हा प्रश्न पडला नाही. ते खूष आहेत. निपाणीच्या त्या स्थळाला अजून थांबवून ठेवा म्हणून शांतादेवी आत्यांना निरोपही गेला. मी तोंड वाकडं केलं तर म्हणाले, लेकरू घरला येतंय की, तुझं काय बिघडलं? माझं काय बिघडलं ते त्यांना नाही सांगितलं, तुला सांगते. तुला पाठवायचं म्हणून मी या घरात अख्खं वर्ष भांडले. पोरगी एकटी कशी राहील, कुणात बसेल, काय खाईल, असं आत्यांनी विचारलं तेव्हा मी म्हटलं होतं, माझी पोरगी कुठंही गेली तरी चार माणसं जोडेल, मी तिला रीत शिकवली आहे. ते वाक्य आता माझ्याच अंगावर आलं आहे.

आणि देवाचं काय करायचं? चैत्रात कॅरनचं नाव पहिल्यांदा तुझ्या पत्रात आलं, त्या रविवारी मी एसटीनं जोतिबाला गेले. खोबरं-गुलाल वाहिला आणि हात जोडून सांगितलं, देवा, परक्या मुलखात माझ्या लेकीला पानावर बसवणारी माणसं भेटली, त्यांचं भलं कर. सहा महिने रोज लिंगपूजा झाली की मी त्या कॅरनचं नाव घेते आहे. तू मला देवाजवळ खोटं बोलायला लावलंस. मला फसवलंस ते एक वेळ चालेल. आईला फसवत नाही अशी लेक मी तरी बघितलेली नाही. पण देवाला?

तुला वाटेल, हिला कळलं कसं? काल मी फोन केला. तुला नाही, कॅरनला. तू अडीनडीला म्हणून दिलेला ऑफिसचा नंबर माझ्याकडं होता. इतके दिवस जिच्या हातचं खातेस तिला आईनं एका शब्दानं विचारू नये हे मला बरं वाटेना. आणि दोन पत्रांचा मेळ लागत नव्हता, तेही होतंच. माझ्या हिशेबाच्या वहीच्या शेवटच्या पानावर चार दिवस खपून इंग्रजी वाक्यं लिहून काढली. शनिवारी सकाळी सहाला केरबाला त्याचा फोनचा बूथ उघडायला लावला, कारण तेव्हा तिकडं शुक्रवारची संध्याकाळ असते आणि तुम्ही सगळी निघायच्या बेतात असता, असं तूच लिहिलं होतंस. फोन तिनंच उचलला. मी शिवलीलाची आई म्हटल्यावर ती आधी घाबरली, काही वाईट बातमी आहे काय म्हणाली. मी वहीत बघून वाचलं, माझ्या मुलीला दर शुक्रवारी जेवू घालता, फार उपकार आहेत.

मग ती हळू बोलली, एकेक शब्द सुटा करून, मॅट्रिक झालेल्या बाईला कळेल असं. ती कधीच आली नाही म्हणाली. आम्ही विचारतो, ती नो म्हणते. आत्ताही विचारलं, आत्ताही नो म्हणाली, आतल्या खोलीत पेपर तपासत बसली आहे, बोलावू का? मी नको म्हटलं. बघ, माझ्याही तोंडातनं पहिलं नकोच निघालं.

मग मात्र माझं डोकं फिरलं. वहीतली वाक्यं संपली होती, पण मी थांबले नाही. एकदाच विचारून सोडतात होय? मूल लाजतं, नाही म्हणतं, म्हणून त्याला उपाशी ठेवून निघून जायचं? हे इंग्रजीत कसं म्हणाले देव जाणे. बाहेर केरबा पेपर गुंडाळून उभा राहिला आणि म्हणतो, "काकू, इंग्लिशमधी भांडालायसा की!" पण ती पोर चिडली नाही. तिनं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "नो म्हणजे नोच ना? आम्हाला वाटलं, तिला आम्ही आवडत नाही."

शिवलीला, हे वाक्य चारदा वाच. तू तिथं खोलीत बसून म्हणतेस, ही माणसं तोंडदेखली. ती तिथं बाहेर उभी राहून म्हणतात, हिला आम्ही नकोत. एक वर्ष! दाराच्या दोन बाजूंना दोघीही खुळ्यासारख्या. आणि तू त्याचं औषध काय काढलंस, तर मला गोष्टी रचून पाठवायच्या. मी दर पत्रात विचारत होते, कुणी घरी बोलावलं का, एकटी जेवत नाहीस ना, म्हणून तू माझं तोंड बंद केलंस. ती चटणी कुणी खाल्ली? तूच, ब्रेडला लावून, उभ्यानं. मला डोळ्यांपुढं दिसतं आहे.

घरी आले तरी राग जाईना. भाकऱ्या थापताना तुझ्याशी भांडत होते. तीन करपल्या. आणि तिसरी करपली तेव्हा विठाबाईंच्या घरचा लाडू आठवला. तू सहा वर्षांची होतीस. हळदीकुंकवाला गेलो होतो, त्यांनी विचारलं, लाडू खातीस काय गं? तू लगेच हो म्हणालीस, आणि मी पदराआड तुझ्या मांडीला चिमटा काढला. घरी येताना धडा दिला: पहिल्यांदा विचारलं की नको, दुसऱ्यांदा नको, तिसऱ्यांदा जरासं. नाहीतर माणसं म्हणतात, हिच्या घरी खायला नाही. तू धडा इतका पाठ केलास की राधानगरीच्या लग्नात वाढपी दोनदाच फिरला आणि तू भुकेली पानावरनं उठलीस. मी चारचौघींत त्याचं कौतुक सांगितलं. तुझ्या हातातला लाडू परत ताटात गेला तो मीच घालवला, आणि तो चिमटा तू सातासमुद्रापलीकडं घेऊन गेलीस.

आणखी एक सांगते, ते कुणालाच सांगितलेलं नाही. लग्नाला वर्ष झालं होतं, तू पोटात नव्हतीस. आपल्या गल्लीत बालवाडी निघाली. बाई पाहिजे होती, शिकलेली. मामंजींनी मला स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून विचारलं, जातीस काय शिकवायला? माझ्या जिवात काय झालं ते मला माहीत. पण सून होते, रीत होती. मी म्हटलं, नको, घरातलं कोण बघायचं? आणि खाली मान घालून पीठ मळत वाट बघत राहिले. मामंजी बरं म्हणाले आणि चपला घालून गेले. चांगला माणूस होता, त्यांना खरंच वाटलं की मला नको आहे. संध्याकाळी परत विचारतील म्हटलं, सणाला विचारतील म्हटलं. सव्वीस वर्षं झाली, मामंजी लिंगैक्य होऊन नऊ वर्षं झाली, तरी अजून दाराशी चपला वाजल्या की मला वाटतं, आता कुणीतरी दुसऱ्यांदा विचारायला आलंय. राग कुणावर करू?

म्हणून हे पत्र. परत यायचंच असेल तर डिग्री हातात घेऊन ये, मी स्टेशनावर आरती घेऊन उभी राहीन. न झेपणारं काम टाकून आलीस तरी मी दार उघडेन, पण न मागितलेल्या ताटावर रुसून आलीस तर माझ्याशी बोलू नकोस. हे पत्र तुला पंधरा दिवसांत पोचेल असं पोस्टातला मास्तर म्हणाला. फोन ठेवायच्या आधी मी कॅरनकडनं एक वचन घेतलं आहे. आमच्याकडं एकदा विचारणं म्हणजे विचारणंच नव्हे, हे तिला समजावलं आणि सांगितलं, आस्क थ्री टाइम्स, पण माझं पत्र तिला पोचल्यावर. ती हसली, मग म्हणाली, पंचवीस तारखेच्या शुक्रवारी विचारते, तीनदा विचारते, प्रॉमिस. पोरगी शब्दाला जागणारी वाटते. तेव्हा त्या शुक्रवारी ती तुझ्या टेबलाशी येऊन उभी राहील. पण तिला दुसऱ्यांदा विचारायला लावू नकोस, बाई. पहिल्यांदाच हो म्हण. मी चिमटा काढायला तिथं नाही.

तुझीच, पीठ मळत वाट बघणारी,
अव्वा