कुंकू लावलेली आफ्रिका

नाना,

संध्याकाळी जिनिंग मिलमधून आलात की तुम्ही ओट्यावर टोपी काढून बसायचात आणि मी मागे उभी राहून तुमच्या केसांतला कापूस वेचायची. "झालं का गं?" "थांबा, कानामागे अजून आहे." आई आतून म्हणायची, "फेकू नको व, देव्हारासाठे एक वात व्हई जाई!" पिंपळनेर सोडून तिला कितीतरी वर्षं झाली होती, पण जळगावात राहूनही तिची बोली काही बदलली नाही. तुम्ही हसायचात, तुमचे खांदे हलायचे, आणि माझ्या चिमटीतला कापूस निसटायचा.

तुम्ही धुळ्याहून आलात की मात्र कापूस राहायचा बाजूला. मी आधी तुमच्या कोटाच्या आतल्या खिशात हात घालायची. तिथल्या कापडवाल्या शेठजींचा धाकटा भाऊ युगांडात, कंपाला शहरात दुकान चालवायचा. तो गावी आला की तिकडच्या नोटा आणायचा. कधी गिऱ्हाइकांकडून मिळवलेल्या दूरदूरच्या देशांच्याही. शेठजी त्यातली एखादी तुमच्या हातात ठेवायचे. "घ्या नाना, तुमच्या मेमसाहेबांचा खाऊ." मी कॉन्व्हेंटात जायची, म्हणून त्यांच्या लेखी मी मेमसाहेब. माझ्या शाळेच्या नकाशात यातले कितीतरी देश नव्हतेच. सबंध आफ्रिकेवर परक्या राज्यांचे रंग. तुम्ही पेन्सिलीला टोक करून त्यावर नवी नावं लिहायचात आणि म्हणायचात, "बारसं झालं बरं का यांचं! आपल्यापेक्षा धाकटी भावंडं ही. यांचं कौतुक आपण नाही करायचं तर कुणी?"

घानाच्या नोटेवर कोकोच्या फळांचे दोन ढीग होते. त्या पपयाच, यावरून आईला कुणी हलवू शकलं नाही. आणि युगांडाची ती दहा शिलिंगांची नोट! खिशातून मी काढण्याआधीच तुम्ही ती बाहेर काढलीत, ओट्यावर उजेडात धरलीत आणि आईला हाक मारलीत. नोटेवर माणसं कापूस वेचत होती. आईने पदराला हात पुसले, वाकून बघितलं आणि म्हणाली, "आठे तर आपलाच कापूस शे!" त्या दिवशी शेजारच्या चार घरांत ती नोट फिरून आली. एवढ्या लांबच्या सरकारला नोटेवर छापावंसं वाटलं ते आपलं काम, याचा तुम्हाला झालेला आनंद मी आजही जसाच्या तसा बघते आहे.

त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळेत प्रदर्शन होतं. माझा नोटांचा अल्बम मांडायचं ठरलं होतं. सिस्टर टापटिपीच्या फार कडक; वहीवर शाईचा थेंब पडला तरी पान पुन्हा लिहायला लावायच्या. मी नोटा सरळ करून, पुस्तकांखाली दाबून ठेवल्या होत्या. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मी शेजारी फराळाचं ताट देऊन आले आणि दारातच थबकले. पाटावर तुमच्या हिशेबाच्या नव्या वह्या, त्यांच्यासमोर माझ्या साऱ्या नोटा ओळीने मांडलेल्या, आणि एकेकीवर ओल्या बोटाने लावलेलं हळदकुंकू.

"नाना! सगळ्या खराब केल्यात!"

"खराब?" तुम्ही खरंच गोंधळलात. "अगं, पाहुणी लक्ष्मी ती. घरच्या लक्ष्मीला कुंकू लावायचं आणि पाहुणीला कोरडं ठेवायचं?"

मी भोकाड पसरलं. आई म्हणाली, "घरमा लक्ष्मी उनी नि तू रडस काय?"

प्रदर्शनाला मी मान खाली घालूनच उभी राहिले. काचेखाली अल्बम, आणि पानोपानी लाल-पिवळे ठिपके. सिस्टर अजून या बाजूला आल्या नव्हत्या. तेवढ्यात पहूरकडचे एक केळीवाले आबा नातीचा हात धरून आले. त्यांनी कुंकू पाहिलं, झटकन मागे सरकले, चपला काढल्या आणि घाना, केनिया, युगांडाला हात जोडले. मागच्या बाईंनी ते बघून चपला काढल्या. मग त्यांच्या मागच्यांनी. सिस्टर आल्या तेव्हा माझ्या टेबलासमोर चपलांची ही रांग! मला वाटलं, आता मेले. "हे काय आहे?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "सिस्टर, वडिलांनी पूजा केली." त्या ठिपक्यांकडे बघत राहिल्या, मग चपलांकडे, आणि एकदम इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "वडिलांना बोलव," म्हणाल्या. तुम्ही आलात, टोपी सरळ केलीत, आणि जमलेल्या सगळ्यांना ती कापूस वेचणीची नोट दाखवत संध्याकाळपर्यंत तिथून हलला नाहीत. मला बोलायची पाळीच आली नाही, आणि मला तेच आवडलं.

गेल्या आठवड्यात भाचीने एका संग्राहकाला घरी आणलं. भिंग लावून तो म्हणाला, "काकू, डाग नसते तर फार मोलाचं होतं. औषध मिळतं, पुसून देऊ?" मी अल्बम त्याच्या हातातून काढून घेतला. त्याला चिवडा दिला आणि वाटेला लावला.

तेव्हापासून ठरवते आहे की माझ्यामागे या नोटा कुठे जाव्यात. नीट लिहून ठेवते. केनियाची, कॉफी तोडणाऱ्या बाईची, भाचीला; तिला कॉफीशिवाय सकाळ होत नाही. घानाची आईच्या माहेरी, पिंपळनेरला. तिथे त्या फळांना पपया म्हणणारं कुणीतरी अजून असेल. झांबियाची, नांगरणीची, शाळेला. युगांडाची धुळ्याच्या शेठजींच्या पणतीला. ती हल्ली कपाशीच्या बियाण्यावर काम करते, तिला काही समजावून सांगावं लागणार नाही. नकाशा नातवाला. अट एकच: कुणीही काही पुसायचं नाही.

नोटा वाटायला अजून एकही पाकीट आणलेलं नाही, नाना. आणि खरं सांगू का? हे सगळं मी गेल्यावरचं. त्याआधी कुणी मागायला आलं तर चहा मिळेल, नोट मिळणार नाही.