परत न येण्याचा शिक्का

अब्बा,

तुम्हाला जाऊन पंचवीसहून जास्त वर्षं झाली आणि मी तुम्हाला पहिल्यांदाच मराठीत लिहिते आहे. तुम्ही होतात तेव्हा मी गावाहून सौदीत, कतीफला पत्रं पाठवायचे ती इंग्रजीत. आपल्या घरी तुम्ही आणि अम्मी मराठीत बोलायचात आणि मी उत्तर हिंदीत नाहीतर इंग्रजीत द्यायचे, तसंच ते. ती पत्रं तुम्ही कारखान्यातल्या एका केरळच्या सुपरवायझरकडून वाचून घ्यायचात, हे अम्मीने मला फार उशिरा सांगितलं. माझा राग परक्या माणसाच्या तोंडून ऐकताना तुम्हाला कसं वाटत असेल, याचा तेव्हा मी विचारही केला नव्हता.

तुम्ही बर्फाच्या कारखान्यात मेकॅनिक. कतीफच्या मासळीबाजाराला लागणारा बर्फ तुमच्या कॉम्प्रेसरवर जमायचा आणि तुमच्या कपड्यांना अमोनियाचा वास यायचा. मी दोन वर्षांची असताना अम्मी मला घेऊन तिथे आली. तिथली खजुराची झाडं, घरमालकाच्या मुली, त्यांच्यासोबत गच्चीवर बसून शिकलेली अरबी, हेच माझं सगळं होतं. रत्नागिरीकडचं आपलं गाव म्हणजे दोन-तीन वर्षांनी एकदा जायची, डास चावणारी जागा. तुम्ही ‘आपल्या घरी’ म्हणालात की मला प्रत्येक वेळी क्षणभर थांबून आठवावं लागायचं, की तुम्ही कुठल्या घराबद्दल बोलताय.

मी बारावी झाले आणि त्याच उन्हाळ्यात शेजारच्या कुवेतवर इराकच्या फौजा चढल्या. पुढचे काही महिने आपल्या रस्त्यावरून रणगाडे लादलेले ट्रक जाताना दिसायचे. लोक खिडक्यांना चिकटपट्ट्या लावत होते, डबाबंद माल साठवत होते. सगळे विषारी गॅसबद्दल बोलत होते. बाकीच्यांसाठी ती बातमी होती. तुम्ही मात्र गॅस ओळखून होतात. एकदा व्हॉल्व्ह फुटला तेव्हा तुम्ही दोन माणसांना ओढून बाहेर काढलं होतं, आणि त्यातला एक पुढे कधीच नीट बोलू शकला नाही. म्हणून एका शुक्रवारी तुम्ही मला आणि अम्मीला स्वयंपाकघरात उभं केलंत, टॉवेल भिजवलेत आणि ते नाकातोंडावर कसे धरायचे ते दाखवलंत. मला हसू आलं. मी म्हटलं, “धिस इज सिली, अब्बा.”

तुम्ही टॉवेल पिळत म्हणालात, “अमोनिया पाण्यात विरघळतो गो. म्हणून ओला टॉवेल. हे लोक जे टाकतील ते विरघळतं की नाही, मला ठाऊक नाही.”

तुम्हाला काहीतरी ठाऊक नाही, असं तुमच्या तोंडून मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

तुम्ही आम्हा दोघींना गावी पाठवायचं ठरवलंत. मी नाही म्हणाले. दोन दिवस जेवले नाही. तुम्ही एवढंच म्हणालात, “लढाई संपेपर्यंत.” जवळच्या विमानतळावरून तिकिटं मिळत नव्हती, जेद्दाहून मिळाली. म्हणजे देशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गाडीने जायचं. कफीलकडून, म्हणजे ज्याच्या नावावर तुमचा व्हिसा होता त्या मालकाकडून, तुम्ही प्रवासाची चिठ्ठी आणलीत, आमच्या पासपोर्टांवर शिक्के करून आणलेत आणि कारखान्याची पिकअप मागून घेतलीत. पुढच्या एका लांबलचक सीटवर आपण तिघं. मधे अम्मी, दाराशी मी. रियाधला तुमच्या गाववाल्याकडे मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच सपाट वाळवंट. विरुद्ध दिशेने, आपण जिथून निघालो त्या बाजूला, फौजी गाड्यांची रांग चालली होती. तुम्ही त्या रांगेकडे पाहत नव्हतात. मी सारखी पाहत होते.

ताइफच्या अलीकडे पोलिसांनी गाडी थांबवली. थंडी होती, तुम्ही पायातले मोजे हातमोज्यांसारखे हातात घातले होते आणि त्या पोलिसाला त्याचं हसू आलं. त्याने चिठ्ठी पाहिली, पासपोर्ट पाहिले आणि माझ्या खिडकीतून आत दिले. मी माझा उघडला. गाडी सुरू झाल्यावर मी तुम्हाला वाचून दाखवलं.

“अब्बा, यावर ‘खुरूज निहाई’ लिहिलंय. खुरूज म्हणजे बाहेर जाणं, निहाई म्हणजे शेवटचं. अम्मीच्या पासपोर्टवर परत यायचा व्हिसा आहे. माझ्यावर नाही.”

तुम्ही रस्त्यावरची नजर काढली नाहीत. “माहीत आहे मला.”

“तुम्ही खोटं बोललात.”

“हो.”

अम्मी रडायला लागली. तुम्ही गाडी बाजूला घेतलीत. मग तुम्ही एवढं बोललात, जेवढं माझ्याशी एका वेळी कधीच बोलला नव्हतात. “तुला इथे कॉलेज नाही. नोकरी नाही. माझ्या इकाम्यावर, माझ्या परवान्यावर किती दिवस राहशील? माझी नोकरी गेली की तुझं घर गेलं. ते तू तिशीत सोसण्यापेक्षा आता सोस. खरं सांगितलं असतं तर तू गाडीत बसली नसतीस.”

मी मराठीत म्हणाले, म्हणजे शब्द नीट लागावेत म्हणून मराठीत म्हणाले, “मला इथलं तुम्हीच केलंत. आता तुम्हीच हाकलताय.”

तुम्ही गाडी सुरू केलीत. घाट उतरताना माझे कान बंद झाले आणि मला ते बरं वाटलं. मक्केवरून जाताना अम्मी दुआ मागत होती. मी खिडकीकडे तोंड करून बसले. जेद्दाच्या विमानतळावर तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात तेव्हा मी डोकं बाजूला घेतलं. सलाम केला नाही. तुम्हाला एकट्याला पुन्हा तेवढंच अंतर कापून जायचं होतं, आणि तेही जिकडून सगळे पळत होते तिकडे. आठवड्याभरात बॉम्ब पडू लागले. काकांच्या ओटीवर रेडिओ लागायचा, सगळे कान देऊन ऐकायचे आणि मी न्हाणीघरात जाऊन दार लावून घ्यायचे.

गावात मला ‘अरबीण’ म्हणायचे. माझी ‘ळ’ची फजिती, भाकरी थापताना होणारी फजिती, सगळ्याची गोष्ट व्हायची. कॉलेजात मराठी वाचताना मी ओळीखाली बोट धरायचे. दोन वर्षांनी तुम्ही सुट्टीवर आलात. सगळ्यांसाठी अत्तरं, कापड, खजूर. माझ्यासाठी अरबी-इंग्रजीचा एक जाडजूड शब्दकोश. दम्मामला दुकानदाराला कसं समजावलंत कोण जाणे. “तुझी अरबी गंजू देऊ नकोस,” म्हणालात. मी तो तुमच्या देखत कपाटावर ठेवला आणि तुम्ही जाईपर्यंत हात लावला नाही. त्यानंतर आणखी एकदा तुम्ही आलात. मग कारखान्यातच छातीत दुखून गेलात आणि तुम्हाला तिथेच दफन केलं. फोन आला तेव्हा काका म्हणाले, आता कोणालाच जाता यायचं नाही. माझ्या मनात आलेला पहिला विचार तुम्हाला सांगते: बरं झालं, आता तरी तुम्ही कतीफचे झालात. तो विचार मी अजून कोणाला सांगितलेला नाही.

आज मी कॉलेजात अरबी शिकवते, आणि गावातल्या माणसांची व्हिसाची, कराराची कागदपत्रं वाचून देते. परवा एक माणूस मुलीला घेऊन आला. ती दम्मामला वाढलेली, विशीतली, नुकतीच आलेली; ओढणीची टोकं सारखी बोटांना गुंडाळत होती. तिला वाटत होतं की ती तीन महिन्यांनी परत जाणार. बापाने माझ्याकडे विनवणीच्या नजरेने पाहिलं. मी तिच्या पासपोर्टावरचा शिक्का वाचला आणि तिला खरं ते सांगितलं. ती बापाकडे वळलीसुद्धा नाही. तिने मलाच विचारलं, “आंटी, आपको भी ऐसे ही भेजा था? धोके से?”

मी हो म्हणाले. इतकी वर्षं सगळ्यांना हेच सांगत आले आहे.

पण अब्बा, निघायच्या आदल्या दिवशी तुम्ही कामावर होतात आणि अम्मी शेजारी निरोप घ्यायला गेली होती, तेव्हा हवाई हल्ल्याच्या भोंग्याची चाचणी झाली. चाचणी आहे हे मला माहीत होतं. तरी मी टेबलाखाली शिरले, टॉवेल भिजवायलाही उठले नाही, आणि भोंगा थांबल्यावरही बराच वेळ तिथेच बसले. मग तुमच्या ट्रंकेतून पासपोर्ट काढून पाहिले, विमान नक्की आहे ना, एवढंच बघायला. तो शिक्का मी तेव्हाच वाचला. वाचला आणि पासपोर्ट होता तसा परत ठेवला. तुम्ही घरी आलात, मी गप्प राहिले. रियाधलाही गप्प राहिले. बोलले ते थेट ताइफला, जिथून तुम्ही गाडी मागे फिरवणार नाही याची मला खात्री होती.

मला जायचंच होतं. मला फार भीती वाटत होती.