पाठ झालेलं घर

मंगळवार, दुपार
(तारीख विचारू नकोस. कॅलेंडर मीच भिंतीवरून काढलं आणि कुठे ठेवलं ते आठवत नाही.)

प्रिय ताई,

तू बरी असशील, भाचीचा खोकला गेला असेल, भावोजींचं कंबर धरणंही थांबलं असेल. नसेल थांबलं तर थांबलंय असं समजून पुढे वाच. मी एकदा अडलो की पुन्हा सुरू होणार नाही.

हे पत्र मी चिकार टाळलं. कागद घेतला की पेन चालत नाही, पेन चालला की मला भूक लागते. काल बसलो तर पत्राऐवजी बोटीचं चित्र काढलं, मागच्या बाजूला दिसेल. मी भांडी घासायचो तीच बोट. तिथला स्वयंपाकी कांदा चिरताना कधी रडायचा नाही, पण कुणी शिट्टीवर गाणं वाजवलं की डोळे पुसायचा. असो. तो विषय नाही.

विषय घराचा आहे. तुझे निरोपावर निरोप येतायत, ‘हो की नाही ते कळव, गिऱ्हाईक जन्मभर थांबणार नाही.’ फोन उचलत नाही म्हणून तू दातओठ खात असशील. पण ताई, या घरात फोनवर बोलायची सोय नाही. भिंतींना कान असतात म्हणतात. इथे बाबांनाच इतके आहेत की भिंतींना लागत नाहीत. शेजारी चमचा पडला तर तो चहाचा की आमटीचा ते सांगतात. म्हणून पत्र. आत्ताही ते माझ्यासमोर बसलेत, रेडिओ मांडीवर घेऊन.

‘काय खरडतोयस रे भोवऱ्या?’

‘दलालाचे कागद.’

‘बरं. अक्षर तरी नीट काढ, त्याला वाटेल रंगाऱ्याचा पोरगा अडाणी निघाला.’

‘निघालाच आहे की.’

हसले. तब्येतीने ठणठणीत आहेत, हे आधीच लिहायला हवं होतं.

तू मला इकडे पाठवलंस ते बरोबरच होतं. तसाही रिकामा होतो. घर दाखवण्याजोगं कर म्हणालीस, मी केलं. माळा उपसला, मोडकी सायकल भंगारात दिली, नळाचं गळणं थांबवलं (दोन दिवसांनी ते परत सुरू झालं, पण तोवर गिऱ्हाईक बघून गेलं होतं). आणि दलाल आला. त्याचे बूट इतके टोकदार आहेत की ते आधी घरात येतात आणि तो मागून. त्याने हात न लावता सगळं पाहिलं आणि म्हणाला, ‘बाहेरची खोली आणि बोळ पांढरा करा. पांढऱ्याने जागा मोठी दिसते. आणि भिंतीवरचा तो मळ तर आधी घालवा.’

तो मळ तू पाहिला नसशील. बाबांच्या पलंगापासून निघून बोळातून स्वयंपाकघरापर्यंत कमरेच्या जरा वर एक काळपट पट्टा होता. दाराच्या चौकटीपाशी वळायचा आणि पलीकडे पुन्हा सुरू व्हायचा. मला वाटलं, म्हातारा माणूस, एकटा, कोण पुसणार.

पिवळा रंग जाणार म्हणून बाबा ओरडतील याची धास्ती होती. आईच्या आवडीचा तो. दुकानातला पिवळा कावीळ झाल्यासारखा दिसतो म्हणून बाबांनी स्वतः डब्यात ढवळून केलेला. तेव्हा मी आपली नेहमीची वाट धरली. सांगितलंच नाही. ते अंगणात रेडिओ घेऊन बसलेले असताना उरकून टाकलं. वास आल्यावर बाहेरूनच ओरडले, ‘काय चाललंय?’ मी म्हटलं, ‘खिडक्यादारांना हात मारतोय.’ लगेच तिथूनच शिकवणी सुरू. आधी घास, धूळ पूस, पहिला हात वाळल्याशिवाय दुसऱ्याची घाई नको. संध्याकाळी म्हटलं, ‘सगळं ओलं आहे, कुठे हात टेकू नका.’ त्यांनी हात खिशात घातले, आत आले आणि सरळ कपाटावर आपटले. ‘चप्पल अडकली,’ म्हणाले. पायात चप्पल नव्हती.

मी वाट बघत होतो, आता बोलतील, मग बोलतील. बोलले नाहीत. मला वाटलं, राग गिळला.

ताई, मला जरा उशिरा कळतं हे तुला ठाऊक आहे. संध्याकाळ झाली तरी दिवा लावत नाहीत, मी म्हणायचो कंजूष. मी खुर्ची जराशी सरकवली की खेकसायचे, ‘जागच्या जागी ठेव!’ मी म्हणायचो खडूस. बिलं मला वाचायला लावायचे, चष्मा सापडत नाही म्हणून. तो तर त्यांच्या खिशातच असायचा.

शनिवारी गिऱ्हाईक आलं. गणिताच्या बाई आणि त्यांचा नवरा. तो बिचारा शब्दाला महाग, नुसता नळ उघडून बघत होता. दलाल पुढे सरसावला, तर बाबा म्हणाले, ‘घर मी दाखवतो, ते माझं आहे.’ इस्त्रीचा शर्ट घातला होता. काय दाखवलं म्हणून सांगू! कुठली फरशी पोकळ वाजते, कुठल्या खिडकीतून दुपारी झुळूक येते, कुठलं दार उचलून लावावं लागतं. मी मागून चालत होतो आणि मला अभिमान वाटत होता. बाहेरच्या खोलीत ते मधोमध उभे राहिले, हात फिरवला आणि म्हणाले, ‘हा पिवळा मात्र कुठल्या डब्यात मिळायचा नाही. मी स्वतः जमवलाय. दुपारी बघा कसा उजळतो.’

भिंत पांढरीफेक.

दलालाने तोंड उघडलं, पण बाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की ते पुन्हा मिटलं. मग त्या म्हणाल्या, ‘हो. उजेड छान पडलाय.’

जाताना फाटकाशी मला म्हणाल्या, ‘घर आम्हाला पसंत आहे. पण घाई नाही. आधी तुम्ही घरात बोला.’

मी पायरीवर येऊन बसलो. बाबाही येऊन बसले, बरोबर माझ्या शेजारी, मधे बोटभर जागा ठेवून.

‘रंग बदललास.’

‘हो.’

‘कुठला?’

‘पांढरा.’

‘पांढरा! दवाखाना केलास घराचा.’ आणि हसायला लागले. मग हसणं थांबलं. ‘बाईंनी आधी श्वास घेतला. खोटं बोलायचं असलं की चांगली माणसं आधी श्वास घेतात.’

मग सांगितलं. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे ते एकटेच जात होते. नस सुकत गेली, हळूहळू जाईल, गेलेलं परत येणार नाही, औषध नाही, ऑपरेशन नाही, हे त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं. आता दिवस आहे की रात्र एवढंच कळतं. पण या घरात अडत नाही, म्हणाले, हे घर मला पाठ आहे. बोळातला तो मळ म्हणजे त्यांचा हात होता, ताई. रोजचा.

मी म्हटलं, ‘मग विकायचं नाही. मी राहतो इथे तुमच्याजवळ.’

‘तू? तुझ्यासारखी वस्तू रोज नव्या जागी सापडायची. तुझ्यावरच ठेचकाळून पडेन मी.’

चेष्टेत म्हणाले. पण खोटं नव्हतं. बोटीवरून बोलावणं आलंय, आणि गेला आठवडाभर मी स्वप्नात भांडी घासतोय.

तुला काही सांगणार नाही, असं माझ्याकडून वदवून घेतलंय त्यांनी. तोंडाने सांगणार नाही असं मी कबूल केलं. लिहिण्याचं ते काही बोलले नाहीत.

एक गोष्ट लिहायची राहिली. राहिली नाही, ठेवली. मघापासून तिच्याभोवती फिरतोय.

मी विचारलं, मग तुम्ही घर विकायला हो का म्हणालात? तर म्हणाले, ‘विकायचं मीच आधी काढलं होतं. तुझ्या ताईकडे राहायला गेलो होतो तेव्हा.’ आठवतं ना ताई? मागच्या वर्षी. तेव्हा कडेकडेने थोडं दिसत होतं. ते दिवसभर तुझ्या घरात नुसते हिंडायचे, दारं उघडायचे, लावायचे, जिन्यावरून वरखाली करायचे. तू मला लिहिलं होतंस, बाबांना इथे करमत नाही, पिंजऱ्यातल्यासारखे फेऱ्या मारतात. ते फेऱ्या मारत नव्हते ग. तुझं घर पाठ करत होते. म्हणालेही तुला, ‘विकून टाकू आणि इथेच राहतो मी.’ आणि तू म्हणालीस, ‘एवढी काय घाई बाबा, एक वर्ष थांबा, भाव चढतोय.’

ते ‘बरं’ म्हणाले आणि परत आले.

भाव चढला. तुझा अंदाज अगदी बरोबर होता.

तुझा दोष नाही हे मी दहा वेळा लिहून खोडलं, म्हणून इथे कागद फाटलाय. तुला कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांना विचारलं, तेव्हाच का बोलला नाहीत? तर म्हणे, ‘ती माझ्याच फायद्याचं बघत होती. तिच्यापुढे आंधळेपण काढायचं म्हणजे भीक मागितल्यासारखं झालं असतं.’ आता तुझ्याकडे आले तर कुणीतरी बसवेल तिथे बसतील. इथे राहिले तर एकटे. विकायची वेळ कधी, असं तू विचारतेस. ती होती ताई. आता जे करू ते वेळ गेल्यावरचं. ते तुझ्यामाझ्यापैकी कुणी ठरवायचं, आणि बाबांना विचारून की न विचारता, हे मला एकट्याला झेपत नाही. बाईंना मी काहीच कळवलेलं नाही. तू सगळं वाच, हवं तर मला शिव्या घाल, आणि मग

थांब. फाटक वाजलं.

बाबांनी रेडिओ बारीक केला. म्हणतायत, ‘ताई आली तुझी.’ मी म्हटलं, काहीतरीच काय, ती सह्यांच्या दिवशी येणार. ‘चाल तिचीच आहे. चिडलेली,’ म्हणाले आणि उठले. ‘तू बस. मी उघडतो.’

खिडकीतून दिसतेयस. तूच आहेस. मी उत्तर दिलं नाही म्हणून आलीस ना?

त्यांनी दार उघडलंय, अजिबात न चाचपडता. आता हात पुढे केलाय. तुला वाटतंय बॅगेसाठी, आणि तू बॅग मागे ओढतेयस, ‘राहू द्या बाबा, जड आहे.’ त्यांना बॅग नकोय, ताई. हात तसाच आहे बघ अजून.

तुझ्या आधी घरी येऊनही तुला काहीच सांगू न शकलेला,
तुझा
भोवरा