परत आलेली टोपली

वडिवळे, भादवा, १९६९

सरूबाई विहीणबाईंना राम राम.

परवा आमच्या नवशाबरूबर हिरीच्या डोहाळ्यांची मासळी लोणावळ्याला धाडली, ती तुमी दारातूनच परत लावलीत. का, तर टोपलीवर खण-नारळ न्हाई. विसरले मी. पण म्हणून पोटुशा सुनेच्या म्हायेरची टोपली कुणी परत लावतं? रागानं मी तुमच्या सात पिढ्या काढल्या. बाकीची मासळी कामशेतच्या बाजारात विकायची व्हती, त्या रागात तिला हातबी लावला न्हाई. तुमच्या टोपलीतला एक मासा तेवढा मांजरापुढं फेकला.

घटकाभरानं मांजराच्या तोंडाला फेस आला आन् ते गेलं.

मग ओढ्याकाठच्या शेतवाल्या केरबाकडनं कळलं. त्यानं भातावर किडीचं औषध मारलं आन् खाचराचं पाणी ओढ्यात सोडलं. म्हणून मासे आपसूक काठाला येऊन तडफडत व्हते. ते येचून टोपल्या भरताना मला वाटलं, आज नशीब उघडलं! सगळी मासळी खड्डा खणून पुरली.

माझी हिरी, तिच्या पोटातलं लेकरू, बाजारातली माणसं, समदी वाचली ती तुमच्या मानपानापायी. काल मी पोटभर रडले, मग पोटभर जेवले.

हे पत्र मी टाकणार न्हाई. टाकलं तर हिरीला जन्मभर ऐकवाल. उद्या मीच येते. खण-नारळ आणते, मासळी न्हाई. तुमी त्यातबी खोट काढालच.

काढा बाई, खुशाल काढा.

तुमची विहीण,
सावित्राबाई