फिल्मवरचं भोक

मुंबई, शिमग्याआधीचा शुक्रवार, १९६१

ती. सोनूआत्यास,

अंगाने धडधाकट असलेल्या चंदरचा शिरसाष्टांग नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? (पत्र नेहमीप्रमाणे नलूच वाचून दाखवत असणार, तेव्हा तिचीही प्रकृती विचारली असं समज.)

तुझा डबा अलीमियाँनी लाँचवरून सुखरूप आणून दिला. मी मागवल्या होत्या जिवंत चिंबोऱ्या, नांग्या बांधून. डब्याचं झाकण कणकेने लिंपलेलं पाहून आतल्या जिवांना श्वास कुठून मिळणार, एवढं तरी मला सुचायला हवं होतं. पण प्रयोगशाळेतल्या एक्स-रेच्या यंत्रावर आमची पाळी याच आठवड्यात होती, म्हणून डबा तसाच साहेबांपुढे नेला. साहेब चिंबोऱ्यांचं रक्त काढायला सुई घेऊन उभे. उघडून बघतो तर मिरी-लसूण घातलेला चिंबोऱ्यांचा रस्सा. असा रस्सा आपल्याकडे छाती धरलेल्या माणसाला पाजतात, म्हणून मी अलीमियाँना खोदून विचारलं. तेव्हा सगळं बाहेर आलं.

मागे मी एक्स-रेची फिल्म पाठवली होती ती नलूच्या बाबांसाठी, गुणाजीकाकांसाठी. नलू मला द्यायची तर मी काय काम करतो ते आधी डोळ्यांनी बघणार, ही त्यांचीच अट. त्यांनी ती म्हणे उजेडात धरली आणि म्हणाले, "मधोमध भोक हाय. असल्या छातीच्या पोराला मी पोर देनार न्हाय." आता ते नलूला बघायला बोर्लीच्या पाहुण्यांना बोलावणार, तू पालीच्या बल्लाळेश्वराला नवस बोलणार आणि मी इथे रस्सा पिणार.

आत्या, ती माझी छाती नव्हे. ते चिंबोरीचं रक्त आहे. (ते निळसर असतं, हे तुला मी काय सांगणार.) त्यातले प्रोटीनचे रेणू पाण्यात सोडायचे आणि आरपार एक्स-रेचा बारीक झोत पाठवायचा. रेणूंना लागून थोडे किरण इकडेतिकडे पांगतात आणि मागच्या फिल्मवर डाग उमटतो. चित्र उमटत नाही, कारण पाण्यात रेणू जत्रेतल्यासारखे फिरतात, प्रत्येकाचं तोंड वेगळीकडे. पण डाग मधून कडेला कसा फिका होत जातो, त्यावरून रेणू केवढा ते काढता येतं. भोक म्हणाल तर, सरळ येणारा झोत अडवायला आम्हीच मधे शिशाचा तुकडा लावतो, त्याची ती सावली. नाहीतर फिल्म जळून जाईल.

आमची पाळी हुकली ती हुकलीच. साहेब आधी दोन वाट्या रस्सा प्यायले आणि मग माझ्यावर रागावले.

लोभ आहेच, तो वाढवताना लसूण जरा कमी घालावा.

तुझा,
चंदर

ता.क. – पुढच्या पंधरवड्यात पाळी पुन्हा मिळाली आहे. चिंबोऱ्या जिवंत पाठव. अमावास्येच्या भरलेल्याच हव्यात असं नाही, आम्हाला मांसाशी काम नाही.

ता.क. दुसरा – काल इस्पितळात जाऊन माझ्या छातीचा खरा फोटो काढून घेतला, तो सोबत आहे. भोक नाही. गुणाजीकाकांना हाच दाखव आणि चंदर काय काम करतो असं विचारलं तर असेच फोटो काढतो म्हणून सांग. वरचं रेणूंचं पुराण त्यांच्या कानावर घालू नकोस.

ता.क. तिसरा (हा मोठ्याने वाचायचा नाही) – नलू, आत्याला सांग की पत्र संपलं. बोर्लीचे लोक यायच्या आत फोटो तुझ्या बाबांच्या हातात पडू दे. त्यांचा होकार ते देतील तेव्हा देतील, मला तुझा हवा आहे. आत्याची आजवरची सगळी पत्रं तूच लिहिलीस, पण त्यांत तुझं स्वतःचं एकही वाक्य नव्हतं. या वेळी एक लिही.