छोटा दांडा

१२ सप्टेंबर, शुक्रवार

आज वाटूरला शेताच्या पाणंदीत आमची नवी जीप रुतली. मागची चाकं नुसती गरगर फिरत राहिली. मग धाकटी जाऊ सुनीता तिची जीप घेऊन आली. दोर बांधला, गिअरशेजारचा तो छोटा दांडा एका हाताने ओढला, तिच्या जीपच्या चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळाला आणि आम्ही बाहेर. वर म्हणते कशी, "ताई, बाहेरून तर दोघी जुळ्या बहिणी दिसून राह्यल्या बघा!"

खरंच आहे. कंपनी एक, रंग एक. पण तिचं डिझेल इंजिन मोठं, आमचं लहान, आणि लहान इंजिनाच्या गाडीला तो दांडाच येत नाही. घेताना हे म्हणाले, "आपल्याला कुठं डोंगर चढायचेत?" मी फिजिक्सची पदवीधर, आणि मीही रंगच बघत बसले!

लिहूनच टाकते, मी जळले तिच्यावर. सुनीताला गाडी शिकवली कोणी? मीच. मग तो दांडा तिच्या हातात का?

घरी आल्यावर चिखल धुवायच्या निमित्ताने जीपमध्ये एकटीच बसले. हात आपोआप गिअरशेजारी गेला. तिथे पाण्याची बाटली ठेवायचा खळगा आहे.