मोटारीला रिंग

आबा, तुमी न बघितलेल्या तुमच्या नातीला मी काल शाळंत सगळ्या पोरांम्होरं मारलं.

तिच्या बाईंनी सांगितलं हुतं, शनिवारी घरचा मोबाईल आणा, त्यो घरात काय काय कामाला येतो ते दाखवा, त्यातनंच विज्ञान शिकू. म्हणून मी दिला. एकानं डेरीचा दुधाच्या फॅटचा मेसेज दाखवला, एकीनं पावसाचा अंदाज. आपली उठली, म्हणाली, "आमची विहिरीवरची मोटार हितनं चालू हुती," आन् दिली रिंग. फोनातनं आवाज आला, मोटार चालू झाली आहे. पोरांनी टाळ्या वाजवल्या. तिकडं हे एमआयडीसीतनं पाळी करून आलेले, विहिरीवर पाईप खोलून बसलेले. फ्यूज काढायचा राहिला हुता. पाईप उडाला, हे चिखलात पडले. खांदा खरचटला, बाकी काय न्हाय. उठून हसले बी, "मोटार शाळंत जायला लागली तुझी!" मला कुठलं हसू? मला तुमी दिसलात, मोटारीच्या स्टार्टरच्या पेटीम्होरं पडलेले.

तशीच चिखलाच्या पायानं शाळंत गेले. बाई मधी पडल्या, "ताई, चूक माझी हाय, आधी घरी विचारायला पायजे हुतं. तिला मारू नका." पोर गाल धरून एवढंच म्हणाली, "आई, मोटारीला एवढं भ्यायचं काय असतं गं?" तिला ठावंच न्हाय. आजोबा तापानं गेले, असंच मी सांगत आले.

इंदापूरकडच्या आपल्या रानात मी ओल्या हातानं पेटीला हात लावाय गेले, तवा तुमी बी मारलं हुतं. पण मागनं जवळ बसवून सांगितलंत, हात कोरडा पायजे, पायात चप्पल पायजे, आन् आधी हाळी द्यायची, विहिरीवर कोण हाय का. मी नुसतंच मारलं. आन् त्या पहाटं लाईट आली म्हणून तुमीच अनवाणी पळालात की वो आबा, ओल्या सरीतनं.

बाई म्हणत्यात, येत्या शनिवारी तुमीच या, रिंग द्यायच्या आधी काय बघायचं ते पोरांना सांगा. म्हणलं, "मी सातवी नापास हाय." तर म्हणाल्या, "मोटार कुठं मार्कं बघती?" जायचं म्हणजे तुमचं सांगावं लागंल, आन् पोर म्होरंच बसलेली असंल. मघाशी तिला जवळ घेतलं. हात, चप्पल, हाळी, सगळं सांगितलं. तापाचं खोटं हुतं, एवढं मातुर तोंडातनं निघंना.

हे मी मोबाईलात बोलतीया, त्यो लिवतोय. तिनंच शिकवलंय. पाठवायला तुमचा नंबर कुठला?

एक राहिलं, आबा. मोटारीला रिंग द्यायला तिला मीच शिकवलं. तुमी गेल्यापासनं मला पेटीजवळ जायचं धाडस हुत न्हाय, फोनवरनं चालू करायचं बी न्हाय. म्हणून रोज तिलाच म्हणती, "बाळा, तू दे."